ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय हे बाकीच्यांनाही कळेल. बडोद्यात तुमची बायकांसाठी काम करणारी छोटी संस्था आहे. किशनवाडी, वारसिया, तरसाली मिळून ६०० च्या आसपास बायका. कुणी शिवणकाम करतं, कुणी पापड-खाखरे, कुणी चार घरची धुणीभांडी. कार्यकर्त्या ७, नोंदी सगळ्या वह्यांत. आता एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठी कंपन्यांना खर्चावा लागणाऱ्या पैशातून, ८ लाख द्यायला तयार आहे, पण पैसे तंत्रज्ञानावरच खर्च व्हायला हवेत. एका सॉफ्टवेअरवाल्याने साडेसहा लाखांत ॲपचं कोटेशन दिलंय. घ्यावं का, आणि त्याने बायकांच्या हातात खरंच चार पैसे जास्त येतील का, असं तुम्ही विचारताय.

घेऊ नका. निदान पहिली दोन वर्षं तरी नको. मी हे तंत्रज्ञानाला घाबरून म्हणत नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या संगणक खात्यात ११ वर्षं काढली आणि त्यानंतरची २२ वर्षं संस्थांचे हिशेब, नोंदी आणि फोन मार्गी लावण्यात गेली. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कुठेच आली नाही, आणि ती आल्याशिवाय ८ लाख काय, ८० लाखही मातीत जातील. तुमच्या ६०० बायकांपैकी किती जणींकडे स्वतःचा फोन आहे?

मला हा प्रश्न कधी पडला ते सांगतो. २६ ऑगस्ट २०२१ ला ई-श्रम पोर्टल सुरू झालं. असंघटित कामगारांची नोंदणी, कार्ड मिळणार, म्हणून आम्ही एका सखी मंडळाच्या (इकडच्या बचतगटाच्या) बायकांसाठी शिबिर लावलं. दोन लॅपटॉप, एक प्रिंटर, मुलं उत्साही. बायका आधार कार्ड घेऊन सकाळी नऊपासून रांगेत. पहिल्या दहा मिनिटांत काम अडलं. आधारचा नंबर टाकला की ओटीपी जायचा आधारला जोडलेल्या मोबाईलवर, आणि तो मोबाईल असायचा नवऱ्याकडे. नवरा पहिल्या पाळीला, फोन कारखान्याच्या गेटवर जमा. दुसरीचा नंबर दिराचा. तिसरीने २०१३ साली दिलेला नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडून भलत्याच माणसाला गेलेला. एका बाईने शेजारणीच्या फोनवरून नवऱ्याला गाठलं आणि म्हणाली, आत्ता एक नंबर आला असेल तो वाचून दाखवा. तो म्हणाला, असला नंबर कुणालाही सांगायचा नाही असं टीव्हीवर सांगतात. फोन ठेवला. चूक त्याची नव्हतीच, तो अगदी बरोबर वागला होता. संध्याकाळी हिशेब केला तर निम्म्याहून कमी बायकांची नोंदणी झाली होती, आणि अडलेल्यांपैकी एकीचंही अडणं आमच्या लॅपटॉपमुळे नव्हतं.

त्या दिवसापासून मी कुठल्याही संस्थेत गेलो की आधी फोनची यादी मागतो. कुणाकडेच नसते. मोबाईल नंबरांची असते, पण नंबरांची यादी म्हणजे फोनची यादी नव्हे. तुमच्या वहीत ज्या नंबरासमोर बाईचं नाव लिहिलंय तो घरातल्या कुठल्याही पुरुषाचा असू शकतो. मग संस्थेचा निरोप "बायकांना पाठवला" असं आपण म्हणतो आणि तो वाचतो तिचा मुलगा, वाटलं तर सांगतो.

म्हणून पहिलं काम एक महिन्याचं आणि जवळजवळ फुकटचं. सातही कार्यकर्त्यांनी नेहमीच्या घरभेटीत पाच गोष्टी विचारून वहीत लिहायच्या. घरात फोन किती आणि त्यातला बाईचा कोणता. आधारला जोडलेला नंबर कुणाचा. बँक खात्याला जोडलेला नंबर कुणाचा. रिचार्ज कोण भरतं. आणि फोन दिवसा घरी असतो की बाहेर जातो. एवढंच. महिन्याअखेरीस जो आकडा निघेल तो बघून तुमच्या विश्वस्त मंडळात थोडी शांतता पसरेल, असा माझा अंदाज आहे. पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर उभे राहतील. ज्यांचा आधारचा नंबर दुसऱ्याचा आहे त्यांना चार-चार, पाच-पाच करून आधार केंद्रावर नेऊन नंबर बदलून घेणं, हे तुमच्या पहिल्या वर्षाचं सगळ्यात मोठं तांत्रिक काम असेल. ते कुठल्याही ॲपमध्ये दिसत नाही. रिक्षाचं भाडं मात्र लागतं.

आता माझी फजिती. साल २०१४. पादरा तालुक्यात काम करणाऱ्या एका संस्थेसाठी मी स्वतः प्रणाली केली होती, टॅबवर चालणारी. फॉर्ममध्ये ४३ रकाने. मला फार अभिमान वाटायचा त्या ४३ रकान्यांचा. देणगीदाराला हवे ते, सरकारी योजनेला लागतील ते, आणि "पुढेमागे उपयोगी पडतील" म्हणून मी घुसवलेले. कार्यकर्त्या दिवसभर वहीत लिहायच्या आणि रात्री घरी बसून टॅबमध्ये भरायच्या. म्हणजे मी त्यांचं काम दुप्पट केलं होतं. सहा महिन्यांनी आकडे बघितले तर अर्ध्याहून जास्त बायकांचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी तारीख टाकली ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, ती एक वेळ समजू. पण घरातल्या माणसांची संख्या सगळीकडे ५ आणि उत्पन्न सगळीकडे ६,००० कसं? एका कार्यकर्तीला विचारलं, तर ती सरळ म्हणाली, "दादा, रकाना रिकामा ठेवला तर ते पुढे जाऊच देत नाही." लाल चांदणी लावून प्रत्येक रकाना सक्तीचा मीच केला होता.

तेव्हापासूनचा माझा नियम: फॉर्ममध्ये १२ पेक्षा जास्त प्रश्न नकोत, आणि प्रत्येक प्रश्नासमोर "याचं उत्तर मिळालं की आपण काय वेगळं करणार" हे एका ओळीत लिहून दाखवता आलं पाहिजे. आलं नाही तर प्रश्न काढा. देणगीदाराने मागितला असला तरी काढा, आणि का काढला ते त्याला सांगा. दहातले आठ जण ऐकतात. त्यांनीही तो कुठल्यातरी जुन्या तक्त्यातून उचललेला असतो.

बडोद्यात आणखी एक गंमत आहे, बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्याला कळत नाही ती. नावं. गुजराती कागदावर आडनाव आधी येतं, आपल्याकडे शेवटी. एकच बाई रेशन कार्डावर एका क्रमाने, बँकेत दुसऱ्या, आणि तुमच्या वहीत कार्यकर्ती गुजराती असली तर सुनीताबेन, मराठी असली तर सुनीताताई, सासरचं नाव वेगळंच. त्यात जन्मतारीख १ जून. तीन ठिकाणी तीन बायका दिसतात आणि माणूस एकच असतं. म्हणून प्रत्येक बाईला संस्थेचा स्वतःचा क्रमांक द्या, साधा चार आकडी, आणि तो तिच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्याच हातात ठेवा. आधार क्रमांक ओळख म्हणून वापरू नका. आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे कपाटात असतील तर आजच विचार करा की ते कशाला ठेवलेत. कुठे दाखवावंच लागलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं.

अक्षरांचंही बघा. जुन्या संस्थांच्या संगणकांवर गुजराती आणि मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत असतो. त्या फाइली नव्या यंत्रावर उघडल्या की किडे पळाल्यासारखं दिसतं. काहीही नवीन करायच्या आधी तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, आणून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं.

वह्यांचं म्हणाल तर त्या टाकू नका. ऑगस्ट २०२४ चा पूर आठवत असेलच. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ च्याही वर गेलं. नदीकाठच्या एका संस्थेचं कार्यालय तळमजल्यावर होतं. बारा वर्षांची बचतगटांची रजिस्टरं तीन दिवस पाण्यात. नंतर गच्चीवर दोरी बांधून पानं वाळत घातलेली मी पाहिली आहेत. बॉलपेनची अक्षरं थोडीफार टिकली, शाईची सगळी गेली. कुणाची किती बचत यावर पुढे महिनाभर भांडणं. त्यामुळे ॲपबिप राहू द्या, पण या आठवड्यापासून दर शनिवारी प्रत्येक कार्यकर्तीने आठवड्याच्या पानांचे फोटो काढून संस्थेच्या खात्यातल्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायचे. तिच्या वैयक्तिक खात्यात नव्हे, संस्थेच्या. शून्य रुपये खर्च. पूर पुन्हा येणार आहे.

नोंदी फोनवर आणायच्या झाल्या तरी नवीन काही घडवावं लागत नाही. ओडीके नावाची मोफत, मुक्त प्रणाली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झाली. तिच्याच घराण्यातली कोबो टूलबॉक्स जगभर मदतकार्यात वापरतात. नेट नसताना फॉर्म फोनमध्येच भरून ठेवायचा, नेट आलं की वर चढतो. एकाच फॉर्ममध्ये गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही भाषा ठेवता येतात. कार्यकर्ती आपापली निवडते. तुमच्या आकाराच्या संस्थेला मोफत मिळतं तेवढं पुरतं. शिकायला दोन दिवस, हात बसायला दोन महिने. साडेसहा लाखांचं ॲप याहून वेगळं काय करणार आहे, हे त्या सॉफ्टवेअरवाल्याला जरूर विचारा. प्रश्न खवचट वाटेल. विचारा.

पण माझा खरा मुद्दा नोंदींचा नाही. माहिती गोळा करणं हे संस्थेचं काम होऊन बसलंय आणि ज्या बाईची माहिती तिला त्यातून काहीच परत मिळत नाही, तिथे गाडी चुकते. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी तुम्हाला माहीत आहे. सयाजीराव महाराज १९०६ साली अमेरिकेला जाऊन आले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं बघून १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं. लोक ग्रंथालयाच्या इमारतीचं आणि काचेच्या जमिनीचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्यांचं. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यात जायच्या आणि वाहतुकीचा खर्च राज्य सोसायचं. गावाला स्वतःचं ग्रंथालय काढायचं असेल तर एक हिस्सा लोकांनी उभा करायचा, एक प्रांत (जिल्हा) पंचायतीचा, एक सरकारचा. म्हणजे वस्तू थेट वाचणाऱ्याच्या दारात, आणि तिच्यात त्याचाही वाटा. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या व्यवस्थेत आणि तुमच्या ८ लाखांत मला फारसा फरक दिसत नाही. पेटीच्या जागी फोन आहे. तो बाईच्या दारात गेला पाहिजे, तुमच्या कार्यालयात नाही.

आता कमाईचं, तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. इथे जरा थांबतो, कारण इथे सगळे घाई करतात.

आजवा रोडला सेव-उसळीची लारी, म्हणजे हातगाडी, लावणारी एक बाई. २०१८ च्या सुमाराला कुणीतरी क्यूआर कोड चिकटवून दिला. यूपीआय २०१६ ला आलं होतं आणि बडोद्यातल्या गिऱ्हाइकांना एव्हाना सवय लागली होती. विक्री वाढली का? वाढली, सुट्ट्याची कटकट गेली. पण क्यूआर मुलाच्या खात्याचा, कारण स्मार्टफोन त्याच्याकडे. पैसे आल्याचा आवाज त्याच्या फोनवर. तो कामाला सुरतेला गेला. मग प्रत्येक गिऱ्हाइकाने पैसे पाठवल्यावर ती त्याला फोन करायची, "आले का रे?" मुलगा वाईट नव्हता, दर रविवारी पैसे पाठवायचा. पण स्वतःच्या लारीच्या वाटाण्यांसाठी तिला मुलाकडे पैसे मागावे लागायला लागले, जे आधी गल्ल्यातून उचलायची. तंत्रज्ञानाने तिचा गल्ला तिच्या हातातून काढून घेतला. संस्थेच्या अहवालात मात्र ती "डिजिटल व्यवहार करणाऱ्या महिला" या रकान्यात मोजली गेलेली. तो अहवाल मीच टाइप केला होता.

पुढे तिचं स्वतःचं खातं, स्वतःचा साधा स्मार्टफोन आणि पैसे आले की बोलणारा छोटा स्पीकर, एवढं झाल्यावर गोष्ट बदलली. फेरीवाल्यांसाठीची पीएम स्वनिधी योजना जून २०२० मध्ये आली होती, तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं. त्यासाठी अर्ज तिच्या नावाने झाला, ओटीपी तिच्या फोनवर आला, व्यवहार तिच्या खात्यात दिसत होते. पहिलं फेडलं, दुसरं २०,००० चं मिळालं. यात ॲप कुठेच नाही. खातं कुणाचं आणि फोन कुणाचा, एवढ्या दोनच गोष्टी बदलल्या.

पापड-खाखरे करणाऱ्यांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आहे आणि सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. हे ठासून सांगतो, कारण सरकारीसारख्या दिसणाऱ्या खासगी वेबसाइटी आणि गल्लीतले एजंट यासाठी हजार-दोन हजार उकळतात. पॅन नसलेल्या अगदी लहान उद्योगांसाठी २०२३ पासून उद्यम असिस्टचा मार्ग आहे, तो बँकेकडून जातो. आणि हो, यातही ओटीपी लागतो.

विक्रीसाठी सुरुवातीला व्हॉट्सॲप बिझनेस पुरे. मोठ्या ऑनलाइन बाजारांच्या नादी एकदम लागू नका. परत आलेल्या मालाचा खर्च आणि पॅकिंगचे नियम लहान गटाला झेपत नाहीत. दिवाळीच्या नाश्त्याच्या ऑर्डरी मांजलपूर-कारेलीबागच्या सोसायट्यांमधून फोनवर घेणं, हे तुमच्या बायका आजही करतात. त्यात फक्त तीन गोष्टी घाला: दर लिहिलेला कॅटलॉग, ऑर्डरला रंगीत लेबल (पैसे आले, बाकी, पोचवलं), आणि लिहिता येत नसेल तर ऑर्डर आवाजात नोंदवण्याची सवय. ज्या बायका टाइप करायला लाजतात त्या व्हॉइस नोट मात्र दोन-दोन मिनिटांच्या पाठवतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

व्हॉट्सॲपच्या गटाबद्दल सावध करतो. ६०० बायकांचा एक गट काढला की प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि फोन घरच्या पुरुषांच्या हातात असतात हे आत्ताच बोललो. नको ते फोन सुरू होतात. एका संस्थेच्या दोन मुलींनी याच कारणाने वर्ग सोडला, आणि घरच्यांनी दोष मुलींनाच दिला. ब्रॉडकास्ट यादी वापरा, त्यात कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. पण एक मेख आहे: ज्यांनी संस्थेचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो, आणि एका यादीत २५६ जणांपर्यंतच घेता येतात. म्हणून फोनच्या वर्गाचा पहिला धडा हाच ठेवा, संस्थेचा नंबर सेव्ह करणं. दुसरा धडा रिचार्ज स्वतः करणं. तिसरा, खात्यातली शिल्लक बघणं. ओटीपी कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही हा चौथा, आणि तो दर महिन्याला पुन्हा घ्यायचा.

या वर्गाला बायकांकडून महिन्याला १०-२० रुपये जरूर घ्या. फुकट असलं की यायचं-न यायचं चालतं. पैसे भरले की शिकवणारा नीट शिकवत नाही म्हणून तक्रारही करतात, आणि ती तक्रार तुम्हाला हवीच आहे.

पैशांच्या मांडणीबद्दल. कंपन्यांचे लोक "५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही" म्हणतात आणि संस्था मान खाली घालून पगार काढून टाकते. सीएसआरच्या नियमांतली ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवरचा थेट खर्च त्यात मोजत नाहीत. तुमच्याकडे नोंदी सांभाळणारी मुलगी हा प्रकल्पाचा खर्च आहे. दुसरं, "चालू प्रकल्प" (ऑनगोइंग प्रोजेक्ट) म्हणून मंजूर करून घेतला तर सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो. म्हणजे ८ लाख मार्चपर्यंत संपवायची घाई करायची गरज नाही; कंपनीच्या हिशेब तपासनिसाशी बोलून तसा ठराव करून घ्यायला सांगा. सीएसआर-१ फॉर्म (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा) भरून तुमचा क्रमांक आलेला असणारच, नसेल तर आधी ते.

मी तुमच्या जागी असतो तर असं मांडलं असतं. कार्यकर्त्यांना ७ फोन, प्रत्येकी १३,०००, म्हणजे ९१,०००. नोंदी आणि फोनचं सगळं बघणारी एक स्थानिक मुलगी, महिना १५,००० ने दोन वर्षं, ३,६०,०००. संगणकाची पदवी नको, गुजराती-मराठी दोन्ही येणारी आणि बायकांशी चिडचिड न करता बोलणारी हवी. बायकांचे फोनचे वर्ग, आधार केंद्राच्या फेऱ्या, रिक्षा धरून १,५०,०००. जुन्या वह्या टाइप करून घेणं ४०,०००. झाले ६,४१,०००. उरलेले १,५९,००० तिसऱ्या वर्षाला आणि फुटणाऱ्या काचांना. काचा फुटतात. ज्या अंदाजपत्रकात दुरुस्ती नाही ते बनवणाऱ्याने फील्ड पाहिलेलं नसतं.

फोन खरेदी करताना मालकी संस्थेच्या नावावर दाखवा. सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही, ती नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे असावी लागते. तेव्हा "प्रकल्प संपल्यावर परत करा" असं करारात कुणी घुसवलं असेल तर काढायला लावा.

दोन वर्षांनी खरोखरच ॲपची गरज वाटली तर करारात काय बघायचं ते एका घडलेल्या गोष्टीवरून. इथल्याच एका संस्थेची वेबसाइट विश्वस्तांच्या ओळखीच्या मुलाने प्रेमाने, फुकट करून दिली. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्याच्या ई-मेलवर नोंदलेलं. मुलगा कॅनडाला गेला, बडोद्यात हे अगदी स्वाभाविक आहे. दोन वर्षांनी डोमेनची मुदत संपली, स्मरणपत्रं त्याच्या जुन्या ई-मेलवर, आणि एक दिवस देणगीदाराने पत्ता टाकला तर भलतीच जाहिरात उघडली. कुणाचीच लबाडी नव्हती. म्हणून डोमेन, सर्व्हरचं खातं, प्ले स्टोअरचं खातं, सगळं संस्थेच्या ई-मेलवर आणि पासवर्ड किमान दोन विश्वस्तांकडे. आणि ठेकेदाराला एकच परीक्षा: "आमची सगळी माहिती एक्सेलमध्ये उघडेल अशी, आत्ता माझ्यासमोर काढून दाखवा." जो "तशी गरजच पडणार नाही" म्हणतो त्याला नमस्कार करा.

कायद्याचं थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संस्था त्यातून सुटत नाहीत. संमती मागताना माहिती कशाला हवी ते सांगावं लागतं, आणि बाईला ते राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या तिच्या भाषेत वाचायला मागता येतं. गुजराती-मराठी दोन्ही त्यात आहेत. १८ वर्षांखालच्या मुलींसाठी पालकांची संमती लागते. बायकांचे फोटो फेसबुकवर टाकायची सवय यानिमित्ताने सुटली तर बरंच. नवऱ्याच्या मारहाणीच्या तक्रारी ज्या वहीत आहेत ती वही कुठल्याही ऑनलाइन प्रणालीत चढवू नका, तिचे शनिवारचे फोटोही काढू नका. ती वरच्या मजल्यावर, कुलपातच राहू द्या.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कंपनी विचारेल. अहवालाचा मसुदा, पत्राचा गुजरातीतून इंग्रजी अनुवाद, एवढ्याला खुशाल वापरा. भारतीय भाषांतल्या अनुवादासाठी सरकारची भाषिणी ही सेवाही २०२२ पासून आहे. बायकांची नावं-नंबर त्यात घालू नका. कुठल्या बाईला कर्ज द्यावं हे त्याला विचारू तर अजिबात नका.

राहता राहिला कंपनीला द्यायचा शब्द. "६०० महिला ॲपवर नोंदणीकृत" असं त्यांना आवडेल आणि ते तीन महिन्यांत दाखवताही येईल. त्याऐवजी दोन आकडे लिहून द्या: किती बायकांचा ओटीपी त्यांच्या स्वतःच्या फोनवर येतो, आणि किती बायकांच्या विक्रीचे पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात पडतात. आज किती आहेत ते महिन्याभराच्या पाहणीतून कळेल, दोन वर्षांनी किती झाले ते पुन्हा त्याच पाच प्रश्नांनी मोजायचं. माझ्या अनुभवात सीएसआर विभागातली तरुण मंडळी हे पटकन समजतात, विशेषतः बाई असली तर. त्यांच्या साहेबांना समजवायला त्या ई-श्रम शिबिराची गोष्ट सांगा, तुमची म्हणून सांगितलीत तरी चालेल. आणि पाहणीची वही सुरू कराल तेव्हा पहिलं नाव एखाद्या कार्यकर्तीचंच घाला. सातजणींपैकी किती जणींचा ओटीपी त्यांच्या स्वतःच्या फोनवर येतो, ते मला कळवा.